सृष्टीची राखण आणि राखणदाराची जमीन

गेल्या काही वर्षांपासून ख्रिस्ती मंडळ्यांमधून 'सृष्टीची निगा' हा शब्द वारंवार ऐकू येतो. पाच जूनच्या आसपासच्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात रोपे लावली जातात, मुलांकडून घोषवाक्ये लिहवून घेतली जातात. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढल्यापासून कॅथलिक धर्मप्रांतांत आणि त्यांच्या पाठोपाठ इतर पंथांतही ह्या विषयाला जोर आला. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ 'सृष्टीचा काळ' म्हणून पाळण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. हे सारे चांगलेच आहे आणि त्याची थट्टा करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. परंतु बीड जिल्ह्यात राहून ह्या विषयाकडे पाहिले म्हणजे काही प्रश्न आपोआप पुढे येतात, आणि ते इतिहासात शिरल्याशिवाय सुटत नाहीत.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. आपल्याकडची मंडळी म्हणजे कोण? मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतले ख्रिस्ती हे बहुतांशी मांग व महार वस्त्यांमधून आलेले आहेत. त्यांतले बहुसंख्य भूमिहीन किंवा नावापुरती जमीन असलेले. 'सृष्टीचा काळ' सुरू होतो तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. दसरा-दिवाळी आटोपली की कोयता खांद्यावर टाकून नवराबायको पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नाताळ त्यांचा उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जातो. मंडळीचे वर्ष असे कोयत्याने मधोमध तोडलेले असते. अशा माणसाला सृष्टीची निगा राखायला सांगायचे, तर ती कोणत्या सृष्टीची? ज्या मातीवर त्याचे नाव नाही तिची, की ज्या पाण्यावर त्याचा कालपरवापर्यंत हक्क नव्हता त्याची?

ह्या विषयाचा जो इतिहास धर्मपंडितांच्या पुस्तकांतून सांगितला जातो, तो साधारणपणे १९६७ पासून सुरू होतो. त्या वर्षी लिन व्हाइट ह्या अमेरिकी इतिहासकाराने 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहिला आणि आजच्या पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असा आरोप केला. माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे असे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे आणि ह्याच समजुतीतून निसर्गाची लूट झाली, असा त्याचा रोख होता. त्यावर ख्रिस्ती विचारवंतांनी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथे माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पुढे १९८३ साली व्हँकूव्हरच्या अधिवेशनात जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेने न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता ही तीन सूत्रे एकत्र बांधली. त्या बांधणीत न्याय पहिला होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

सत्ता की राखण, हा वाद ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांचा आहे. आपल्या गावगाड्यात महाराला सत्ता कधीच नव्हती, राखण मात्र पिढ्यान् पिढ्या होती. गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. रात्रीची गस्त त्याची, खळ्यावरची राखण त्याची, मेलेले जनावर ओढून गाव स्वच्छ ठेवण्याचे कामही त्याचेच. मांगाकडे दोराचे काम. अंबाडी आणि घायपात कोणत्या दिवसांत कापायची, किती दिवस पाण्यात कुजत घालायची, सोल कसा काढायचा, वळायचा कसा, शिंदीच्या कोणत्या पानांची केरसुणी टिकते, हे सारे ज्ञान त्या वस्तीत होते. शेतकऱ्याचा नाडा, कासरा, चऱ्हाट, मुसके मांगाच्या हातून तयार होई. ह्या ज्ञानाला कुणी पर्यावरणशिक्षण म्हटले नाही. ते विटाळाचे, बलुत्याचे काम ठरले. विहिरीतून मोट ओढणारा नाडा मांगाने वळायचा आणि त्याच विहिरीला मांगाने शिवायचे नाही, अशी ही व्यवस्था होती. म्हणून राखण हा शब्द ऐकताच आपल्या माणसाच्या मनात एदनची बाग उभी राहत नाही. वेठ उभी राहते. मंडळीत ह्या विषयावर प्रवचन करणाऱ्याने हे आधी समजून घेतले पाहिजे.

आता मिशनच्या काळाकडे वळू. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. निजामाच्या राज्यात, जालन्याला, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम पुढे उभे राहिले ते प्रामुख्याने नारायण शेषाद्री ह्यांच्या हातून. जन्माने ब्राह्मण असलेल्या ह्या गृहस्थांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. जालन्याच्या परिसरात त्यांच्याकडे आलेले लोक मात्र मुख्यत्वे मांग होते. ख्रिस्ती झालेल्या मांगाला गावात राहणे किती कठीण होते हे शेषाद्रींना लवकरच कळले असावे. त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. ह्या घटनेकडे धर्मप्रसाराचा एक प्रकार म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहे. मला तिच्यात दुसरे काही दिसते. मांगवाडा नेहमी गावाच्या बाहेर, उताराला, सांडपाण्याच्या वाटेवर असायचा. इथे पहिल्यांदाच त्या माणसांना गावाची आखणी करताना मध्यभागी जागा मिळाली. ज्या विहिरीवर कुणी हटकणार नाही ती विहीर धर्मांतराइतकीच मोलाची होती. नवा धर्म त्यांना कितपत कळला ह्यावर वाद घालता येईल. हक्काचे पाणी आणि पायाखालची जमीन मात्र त्यांना नक्की कळली.

परंतु बेथेल हा अपवाद राहिला. बाकीच्या खेड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या त्या गावाबाहेरच्या वस्तीतच. शिक्षक आणि उपदेशक बहुधा एकच असे, शाळा आणि देऊळही एकाच खोलीत. १९१० मध्ये सॅम हिगिनबॉटम ह्यांनी अलाहाबादला मिशनची शेतीशाळा काढली. १९२८ च्या जेरुसलेम परिषदेनंतर केनियन बटरफील्ड हे अमेरिकी शेतीतज्ज्ञ हिंदुस्थानात फिरून गेले आणि त्यांनी ग्रामीण मंडळ्यांसाठी ग्रामरचनेचा मोठा आराखडा मांडला. सुधारित बियाणे, कंपोस्ट खत, कोंबड्या, भाजीपाला असे त्या काळच्या कार्यक्रमांचे स्वरूप असे. ह्या साऱ्यामागे एक गृहीत दडलेले होते: ख्रिस्ती माणूस शेतकरी आहे. मराठवाड्यात तो शेतकरी नव्हता, शेतमजूर होता. कापणीच्या सणाला मंडळीतली माणसे आजही ज्वारीची कणसे, बाजरी, अंडी, एखादी कोंबडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तो मोठा आनंदाचा दिवस असतो. पण वेदीपुढे ठेवलेले ते कणीस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीचे असते. प्रथमफळ अर्पण करणाऱ्याचे शेत कुठे आहे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

ह्या इतिहासातला सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग पाण्याच्या पंपाचा आहे. खेड्यांतून कूपनलिका खोदायला सुरुवात झाली तेव्हा त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप भराभर मोडत. त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबापुरता केलेला होता. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारी वस्ती तो हापसत असे. ह्या अडचणीवर काम झाले ते मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या मिशनांच्या कार्यशाळांतून. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पंपाचे डोके बदलून अनेक ढिल्या सांध्यांऐवजी एकच भक्कम आस दिला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला जाऊ लागला. सोलापूरला त्यात आणखी सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' आला. ह्याच सोलापूर पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला आणि पुढे तो आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. आज शाळेत मुलांना स्टीम इंजिनाचा शोध कुणी लावला हे शिकवतात, पण गावातल्या हापशाचे एक मूळ शेजारच्या जालन्यात आहे, हे त्यांना सांगितले जात नाही.

नुसता पंप मात्र समता आणत नाही. तो कुठे बसवायचा हा निर्णय समता आणू शकतो किंवा विषमता पक्की करू शकतो. हे ज्यांनी ओळखले ते डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. जामखेड नगर जिल्ह्यात असले तरी त्याच्या शिवेला शिव लागते ती बीडच्या आष्टी-पाटोद्याची. माती तीच, दुष्काळ तोच, आणि ऊसतोडीला जाणारी माणसेही तीच. आरोग्यसेवा द्यायला आलेल्या ह्या डॉक्टरांना लोकांनी सांगितले की आम्हाला आधी अन्न आणि पाणी पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे त्यांनी गावोगाव कूपनलिका खोदून घेतल्या आणि जागा निवडताना दलित वस्तीची जागा जाणूनबुजून धरली. पाणी हवे असेल तर सवर्ण बायकांना घागर घेऊन महारवाड्यात, मांगवाड्यात यावे लागले. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. तिथे आपली माणसे सवर्णांच्या पाण्याकडे चालत गेली होती. जामखेडच्या खेड्यांत पंचेचाळीस वर्षांनी वाट उलटी झाली. हा काही सत्याग्रह नव्हता, त्यामागे मोर्चा नव्हता, आणि त्याने जात नष्ट झाली असा दावा कुणी करू नये. पण भूगर्भातल्या पाण्याला सामाजिक दिशा देता येते, हे त्याने दाखवले. पुढे ह्याच गावांतून तरुण शेतकरी मंडळे उभी राहिली, रोपवाटिका झाल्या, बांधबंदिस्ती झाली, झाडे लागली. गावच्या आरोग्यसेविका म्हणून ज्या बाया शिकल्या त्यांत कितीतरी दलित होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ख्रिस्ती मंडळ्यांतल्या पर्यावरणशिक्षणाचे खरे उदाहरण शोधायचे असेल तर ते इथे आहे, असे मला वाटते. इथे झाड आले ते पाण्यानंतर, आणि पाणी आले ते समतेच्या अटीवर.

ह्यानंतरचा इतिहास इतका सुखद नाही. ज्या कूपनलिकेने वस्तीला पिण्याचे पाणी दिले त्याच तंत्राने विजेच्या मोटारी लावून शेकडो फूट खोलवरचे पाणी उसाला जाऊ लागले. ज्याच्याजवळ पैसा त्याचे बोअर खोल, आणि खोल बोअर लागले की वस्तीवरचा हापसा कोरडा. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले होते, परंतु ते किती वस्त्यांना ठाऊक होते? २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि त्याच मराठवाड्यातून कारखान्यांची धुराडी पेटती ठेवण्यासाठी माणसे फडाकडे जात राहिली. आपल्याच शिवारातले पाणी ज्याने पळवले त्या उसाची तोडणी करून पोट भरायचे, असा हा फेरा आहे.

दुसरा धडा पाणलोटाचा. स्वित्झर्लंडमधून १९४८ साली आलेले जेझुइट फादर हरमन बाकर ह्यांनी नगर जिल्ह्यात आयुष्य घातले आणि इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची उभारणी केली. माथा ते पायथा ह्या पद्धतीने डोंगरउतारावर चर खोदायचे, पाणी अडवायचे, मुरवायचे, आणि हे सारे गावानेच करायचे, ही त्यांची धारणा होती. त्या कामाने अनेक उजाड गावांना पाणी दिले, हे निर्विवाद आहे. पण पाणलोटाच्या कामाला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जोडलेली असते. चराईबंदी झाली की कोणाची शेळी विकली जाते? ज्याला स्वतःचा बांध नाही त्याची. विहिरीचे पाणी वाढले की कोणाचे वाढते? ज्याला विहीर आहे त्याचे. भूमिहीनाला मजुरीचे दिवस मिळतात आणि काम संपले की तेही संपतात. जिथे कार्यकर्त्यांनी भूमिहीनांचा वाटा आधी ठरवून घेतला तिथे गोष्ट वेगळी झाली. जिथे तो ठरवला नाही तिथे हिरवळ वाढली आणि तिच्याबरोबर अंतरही वाढले.

ह्याच ठिकाणी गायरानाचा प्रश्न येतो. १९५३ मध्ये मराठवाड्यात, पुढे १९५९ मध्ये आणि १९६४–६५ मध्ये देशभर दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यांची मागणी होती. सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला, आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ती मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढवली. बीड जिल्ह्यात ह्या लढ्याला धार आणली ती एकनाथ आवाड ह्यांनी. माजलगाव तालुक्यातल्या दुकडेगावच्या पोतराजाचा हा मुलगा मुंबईत निर्मला निकेतन ह्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेल्या महाविद्यालयात समाजकार्य शिकला. परत येऊन त्याने मानवी हक्क अभियान उभे केले आणि पुढे २००६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. शिक्षण ख्रिस्ती संस्थेत, जन्म मांगवाड्यात, दीक्षा धम्माची आणि लढा गायरानाचा, असे हे आयुष्य २०१५ साली संपले.

गायरान कसणाऱ्या दलितावर आरोप कोणता होतो? तो चराऊ कुरण नांगरतो, गावच्या गुरांचा घास हिरावतो, पर्यावरण बिघडवतो. गावच्या धनदांडग्यांनी बळकावलेल्या जमिनीविषयी ही भाषा ऐकू येत नाही. आणि दलिताला उठवण्याचे एक सभ्य हत्यार म्हणजे वृक्षारोपण. ज्या तुकड्यावर दोन पिढ्यांनी दगड वेचून ज्वारी पिकवली, तिथे वनीकरणाचे खड्डे घेतले जातात. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला. त्यात भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नोंदवला होता, पण तो अपवाद सांगायला गावात कुणी येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की झाड लावणे हे प्रत्येक वेळी निष्पाप कृत्य नसते. कोणत्या जमिनीवर, कोणाला विचारून आणि कोणाला उठवून ते लावले, हे पाहावे लागते. मंडळीच्या तरुणांनी फावडे उचलण्यापूर्वी सातबारा पाहावा.

दलित ख्रिस्त्याची कोंडी ह्याहून बिकट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्या यादीत आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. परिणामी रविवारी मंडळीत एक नाव आणि तहसील कचेरीत दुसरे, असे जगणे कितीतरी कुटुंबांच्या वाट्याला आले. गायरानाच्या पट्ट्यासाठी जातीचा दाखला मागितला की ही फट उघडी पडते. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना भारतीय ख्रिस्ती समाजाला एक कठोर प्रश्न केला होता. शिक्षण आणि संस्था हाती असूनही हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा का राहत नाही, असा त्याचा आशय होता. पर्यावरणाच्या बाबतीत तो प्रश्न आजही तसाच लागू आहे.

त्याला ख्रिस्ती गोटातून प्रामाणिक उत्तर देण्याचा प्रयत्न अरविंद निर्मळ ह्या मराठी धर्मचिंतकाने १९८० च्या दशकात केला. त्यांनी दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घातला तो अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या एका जुन्या कबुलीजबाबावर. हा कबुलीजबाब कुठे म्हणायचा आहे, हे लक्षात घ्यावे. तो पहिले पीक टोपलीत घालून वेदीपुढे आणणाऱ्याने म्हणायचा आहे. आपला बाप भटका होता, आपण गुलाम होतो, आपल्यावर जुलूम झाला, आणि मग आपल्याला ही जमीन मिळाली, असे सांगून मगच टोपली खाली ठेवायची. म्हणजे कापणीचा सण हा मुळात भूमिहीनाला जमीन मिळाल्याचे स्मरण आहे. निर्मळांनी त्यात आपल्या दलित पूर्वजांची कहाणी वाचली. आमच्या मंडळ्यांनी कापणीचा सण ठेवला आणि ही कहाणी गाळली.

मग मंडळीत पर्यावरणशिक्षण द्यायचे कसे? माझ्या मते त्याची सुरुवात वस्तीच्या इतिहासापासून व्हावी. रविवारच्या शाळेतल्या मुलांनी आपल्या वस्तीतला हापसा कोणत्या साली बसला, कोणाच्या प्रयत्नाने बसला, कधी आटला आणि जवळ कोणाचे बोअर झाले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. आजीआजोबांना अंबाडी, घायपात, शिंदी ह्यांविषयी काय ठाऊक आहे ते नोंदवावे, पण जातीचा धंदा परत आणण्यासाठी नव्हे, तर आपल्या माणसांनाही ज्ञान होते हे मुलांना कळावे म्हणून. गायरान कसणाऱ्या कुटुंबांची कागदपत्रे मंडळीने एकत्र करावीत आणि बौद्ध, मातंग, भटके अशा शेजाऱ्यांबरोबर बसून तलाठ्याकडे जावे. पाच जूनला मृग अजून लागलेला नसतो. त्या उन्हात लावलेले रोप जगवायचे कसे, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. रोपे पाऊस पडल्यावर लावावीत, आणि जे कुटुंब ऊसतोडीला जाणार आहे त्याच्या झाडाला पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे. हे ठरवायला बसले की उचल, मुकादम आणि स्थलांतर हे विषय आपोआप उपासनेत येतील, आणि ते आलेच पाहिजेत.

सृष्टीची राखण करायला आपली माणसे कधी नाही म्हणाली नाहीत. ती त्यांनी शतकानुशतके केली, फक्त बलुत्यावर, वेठीवर आणि विटाळ सोसून केली. आता ती करायची असेल तर मालकी हक्काने, पाण्याच्या समान वाट्याने आणि सातबाऱ्यावरच्या नावाने करू, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. ते ऐकण्याची तयारी मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी दाखवली तर आरोळे दांपत्याने पन्नास वर्षांपूर्वी धरलेली वाट बीडच्या खेड्यांतूनही पुढे नेता येईल. ती दाखवली नाही, तर चर्चच्या आवारातली रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळतील आणि त्यांना पाणी घालणारी माणसे फडावर असतील.